अंगठ्याखालचं बटण

२ फेब्रुवारी, रविवार

ही डायरी बियाण्याच्या दुकानदाराने फुकट दिली. दर पानाच्या तळाशी पिकावरच्या किडीचं रंगीत चित्र आहे. आज गुलाबी बोंडअळी. तिच्या डोक्यावर लिहायचं म्हणजे शिसारी येते. पण ज्योत्स्ना म्हणाली, "निवृत्त झाल्यापासून सगळा राग माझ्यावर निघतोय. जरा कागदावर काढा." बायकोचा सल्ला आहे, काढतो.

दुपारी कुंदन आला. असोद्याचा. आयटीआयला माझ्या हाताखाली फिटरचं एक वर्ष केलं आणि पळून गेला. आता मोबाइलवर खान्देशी विनोदी व्हिडिओ टाकतो. म्हणे, "नाना, पिक्चर काढतोय. परग्रहावरचं पाणी संपतं, आणि तिथला एक जण पाणी शोधत शोधत आपल्या केळीच्या बागेत उतरतो." मग त्याने पिशवीतून त्या परग्रहवाल्याची बंदूक काढली. पीव्हीसी पाइपच्या तोंडाला चहाची गाळणी चिकटवलेली, वरून चंदेरी स्प्रे. सोल्युशनचे ओघळ शेंबडासारखे लोंबून तसेच वाळलेले. पाइप करवतीने कापला होता, पण कडेचा बुरा घासायची तसदी घेतली नव्हती. हातात घेतली आणि बोटाला कूस लागली.

सव्वीस वर्षं मी पोरांना कानस कशी धरायची ते शिकवलं. त्याचं हे फळ. मी म्हणालो, "कचऱ्यात टाक ती." तो म्हणाला, "मग तुम्ही करून द्या ना."

मी हो म्हणालो. का म्हणालो, देव जाणे.

८ फेब्रुवारी, शनिवार

हार्डवेअरच्या दुकानात आज तिसरी फेरी. एल्बो, टी, रिड्युसर, पितळी निपल, पारदर्शक नळी. काउंटरवरच्या पोरीने विचारलं, "काका, बाथरूमचं काम काढलंय का?" मी हो म्हटलं. परग्रहावरच्या माणसासाठी नेतोय हे या वयात कोणत्या तोंडाने सांगणार?

बंदूक झाली. एकही सांधा दिसत नाही. रंग लावायच्या आधी झीरो नंबरच्या पॉलिश पेपरने दोनदा घासली. कुंदनला दाखवली तर म्हणाला, "भारी," आणि तिच्याबरोबर फोटो काढला. सांध्याकडे बघितलंसुद्धा नाही. या पिढीला डोळे फक्त मोबाइलपुरते दिले आहेत.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

मुख्य वस्तू म्हणजे पाणी शोधायचं यंत्र. परग्रहवाला ते जमिनीवर धरून चालणार, पाणी सापडलं की दिवे लागणार आणि काटा फिरणार. अंग म्हणून ठिबकचा काळा फिल्टर घेतला. त्यात जुन्या स्कूटीचा पेट्रोलचा काटा, रिव्हर्स घेताना वाजतो तो बझर, लाल दिव्यांची पट्टी आणि छोटी बॅटरी. मुठीला सायकलचं रबरी ग्रिप.

कुंदन म्हणाला होता, "नाना, बटण वर कुठेही लावा, कोण बघतंय?" मी बघतो ना! परग्रहावरच्या यंत्राला घराच्या बेलचं पांढरं बटण? त्यापेक्षा गळ्यात पाटी अडकवा की हे खोटं आहे म्हणून.

तीन मुठी वाया गेल्या. चौथ्या वेळी जमलं. ग्रिपच्या आत, अंगठ्याचं पेर जिथे सहज टेकतं तिथे, रबराच्या खाली तेच बटण बसवलं. दाबायलाही लागत नाही, अंगठा जरासा पुढे सरकवला की पुरे. समोरच्याला हात हललेला दिसत नाही. ज्योत्स्नाच्या पुढ्यात धरलं तर दिवे लागले, काटा वर गेला, टीं टीं सुरू झालं. तिने हातात घेतलं, उलटंपालटं केलं, हलवून बघितलं. "वाजतं तरी कशानं?" पाच मिनिटं तिला सापडलं नाही. मी इतका हसलो की ठसका लागला. ती म्हणाली, पुष्कळ दिवसांनी हसलात.

२३ फेब्रुवारी, रविवार

असोद्याला शूटिंग बघायला गेलो आणि पस्तावलो. परग्रहवाल्याच्या तोंडाला हिरवा ऑइल पेंट. खरा ऑइल पेंट, दाराला लावतात तो. पोराची कातडी सोलून निघेल. शॉट संपला की हा अंतराळवीर हेल्मेट वर करायचा आणि केळीच्या बुंध्यावर गुटख्याची पिचकारी मारायचा. हेल्मेटच्या आतही थुंकी होती. ते हेल्मेट मी दोन दिवस घासून गुळगुळीत केलं होतं.

केळीत काम करणाऱ्या बाया आणि दोन-तीन म्हातारे काम सोडून त्या यंत्रामागे फिरत होते. एका म्हाताऱ्याने कुंदनला विचारलं, "खरंच पानी दखाडस का रे हाई?" कुंदनने माझ्याकडे बघून डोळा मारला. मला त्याच्या डोळा मारण्याचीही किळस आली. मी बोलणार होतो, पण फिल्टरचा एक स्क्रू सैल झालेला दिसला, तो पिळत बसलो.

१३ मार्च, गुरुवार

आज होळी. पिक्चर बंद पडला. हिरवा हिरो सुरतला कामाला निघून गेला. कुंदनला फोन करून म्हटलं, बंदूक ठेव, पण यंत्र तेवढं परत दे. "नाना, थोडं काम बाकी आहे," म्हणाला. आवाजात लोणी होतं. त्याच्या आवाजात लोणी आलं की काहीतरी नासलेलं असतं, हे मला त्याच्या पहिल्या प्रॅक्टिकलपासून ठाऊक आहे.

२१ मार्च, शुक्रवार

ज्योत्स्नाने भिंतीवरचे फोटो पुसायला काढले. माझ्या वडिलांचा, आबांचा, फोटो टेबलावर ठेवला तो तासभर माझ्याकडे बघत होता. तिने विचारलं, "तुम्ही कधी यांना हार का घालत नाही हो?"

तिला सांगितलं नाही, इथे लिहितो. या पानावर पांढरी माशी आहे, तिला काय फरक पडतो.

आबा पाणाड्या होते. आमच्या भागात विहीर किंवा बोअर घ्यायची तर आधी पाणाड्याला बोलावतात. आबा चपला काढून अनवाणी वावरात फिरायचे. उघड्या तळव्यावर नारळ आडवा, शेंडी पुढे. जिथे खाली पाणी असेल तिथे नारळ आपोआप उभा राहतो. लोक हात जोडायचे. पुना पाणाड्या म्हणजे देवमाणूस.

नारळ उभा राहत नाही. अंगठा त्याला उभा करतो. मी सात वर्षांचा असताना पाहिलं. बाकी सगळे वरून बघत होते, माझे डोळे आबांच्या हाताच्या खाली होते, म्हणून मला दिसलं. कोणाला सांगितलं नाही. त्या दिवसापासून मी त्यांच्या हातचं पाणी प्यायला कुरकुर करायचो.

मी नववीत होतो तेव्हा कौतिक पाटलाच्या वावरात आबांचा नारळ भलतीकडेच, पार बांधाच्या कोपऱ्यात उभा राहिला. साठ फूट खणून थेंब नाही. कौतिकने पारावर, गावासमोर, आबांच्या तोंडावर शेणाचा गोळा मारला. आबांनी उपरण्याने तोंड पुसलं, घरी आले, हातपाय धुतले आणि जेवायला बसले. दोन भाकरी खाल्ल्या. शेण खाल्लं त्याचं मला एवढं वाटलं नाही, वर भाकरी खाल्ली त्याची अजून किळस येते.

मी फिटर झालो तो यासाठीच. लोखंड खोटं बोलत नाही. मापात बसतं, नाहीतर बसत नाही.

३० एप्रिल, बुधवार

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. अक्का आली. थोरली बहीण. सोनगीरला दिली आहे तिला, सहासष्ट वर्षांची झाली, पण आखाजीला माहेरी यायचं चुकवत नाही. माहेर म्हणजे आता मीच. सकाळी आबांच्या नावाची घागर भरली. पाणी तिनेच ओतलं, मी नुसता बाजूला उभा होतो.

जेवताना तिने बातमी दिली. "नाना, आमना मळामां बोअर मारतस. पानी सापडनं!"

मी म्हटलं, सापडलं म्हणजे?

"धुयाकडथून एक साहेब ऊना व्हता, मशीन लिसन. जपानी मशीन शे म्हने. लाल दिवा लागनात, काटा फिरना, टीं टीं टीं टीं. आख्खं गाव दखाले ऊनं."

मी रसाची वाटी बाजूला सारली. विचारलं, कुठे वाजलं?

"मन्हा निंबूस्मां." ऊन भलतंच होतं म्हणे, साहेब सगळं वावर फिरला आणि थकून तिच्या लिंबांच्या सावलीत उभा राहिला. तिथेच वाजलं.

ही कागदी लिंबाची सात झाडं अक्काने लग्नानंतर लावली. तीन उन्हाळे डोक्यावर घागर वाहून जगवली, तेव्हा तिला मूलबाळ नव्हतं, आणि पुढेही झालं नाही. आता बोअरची गाडी आत घ्यायला चार झाडं तोडावी लागणार, आणि उरलेली तीन गाडीच्या चिखलाने जातील. तिच्या नवऱ्याने, छगनदाजींनी, रविवारी गाडी बोलावली आहे.

"जाऊ दे," अक्का म्हणाली, "पानी लागनं ते बठ्ठं हिरवं व्हई." पण पुरणपोळी तिने अर्धीच खाल्ली.

मी विचारलं, त्या मशीनची मूठ कशी होती?

"काया रबरनी. सायकलले ऱ्हास ना, तशी."

१ मे, गुरुवार

कुंदनने अकराव्या वेळी फोन उचलला. मी शिव्या देऊन झाल्यावर तो शांतपणे म्हणाला, "नाना, मी कुठे म्हणतो पाणी लागेलच? लोक पाणाड्याला बोलावतातच ना? त्याच्यापेक्षा आपलं मशीन चांगलं दिसतं."

आपलं मशीन!

"आणि खरं सांगू? मी तर बटण वर लावा म्हटलं होतं. लपवलं तुम्ही."

फोन ठेवला आणि मोरीत जाऊन ओकलो. ज्योत्स्ना म्हणते आमरस बाधला. बाधू दे.

अक्काला अजून सांगितलेलं नाही. ती आखाजीची गाणी म्हणत चिंच फोडत बसली होती. मी शेजारी बसून चिंचोके वेचले. आज दुपारच्या गाडीने ती सासरी परत गेली.

५ मे, सोमवार

काल सोनगीरला जाऊन आलो. सगळं लिहितो, गाळत नाही.

सकाळच्या एसटीने धुळे, तिथून सोनगीर. मळ्यात पोहोचलो तेव्हा बोअरची गाडी बांधाबाहेर उभी होती, इंजिन घरघरत होतं. तीस-चाळीस माणसं. पूजेचं ताट, नारळ. दाजींच्या हातात कुऱ्हाड. आणि मधोमध पांढरा शर्ट, काळा चष्मा घालून कुंदन, माझं यंत्र धरून. नेमका बिंदू दाखवायला त्याला पुन्हा बोलावलं होतं. मला पाहताच त्याचा चेहरा उतरला.

मी यंत्र त्याच्या हातातून काढून घेतलं. बांधावर, दगडावर, गाडीच्या टायरवर, दाजींच्या डोक्यावर धरलं. सगळीकडे टीं टीं. मग दाजींचा अंगठा ग्रिपवर ठेवून म्हटलं, सरकवा. त्यांच्या हातातही वाजलं. खाटेवर बसून स्क्रू काढले आणि एकेक भाग मांडला. "हा ठिबकचा फिल्टर, असे तीन तुमच्या शेडमध्ये पडलेत. हा स्कूटीचा पेट्रोलचा काटा. हे घराच्या बेलचं बटण. जपानचं काही नाही, मेहरूणच्या माझ्या घरचं आहे. मी केलंय."

माणसं हसली, मग कोणीतरी कुंदनला शोधलं. तो मोटारसायकलवर बसून गेलाही होता.

मला वाटलं, झालं. पण दाजी हसले नव्हते. गावासमोर माणूस वेडा ठरला की त्याला हसू येत नाही. म्हणाले, "मशीन खोटं. मग खरी जागा कोनती? सांग."

मी म्हटलं, सरकारी भूवैज्ञानिकाला अर्ज करा, तो मोजून सांगेल.

"गाडी दारशी उभी शे, आन् मी अर्ज करू?" गाडीवाला घड्याळ बघत होता, त्याला चार वाजता नरडाण्याला जायचं होतं. दाजींनी कुऱ्हाड उचलली. "मशीन खोटं शे म्हनीसन जागा खोटी शे का? तठेच मारा. मी गावम्होरे बोली चुकनू."

खरंच, जागा खोटी आहे हे तरी मला कुठे ठाऊक होतं?

अक्काकडे बघितलं. लिंबाच्या झाडाखाली उभी राहून बोराएवढी कच्ची लिंबं तोडून पदरात टाकत होती. पिकायला अजून महिना-दीड महिना बाकी होता.

तेवढ्यात एक म्हातारा म्हणाला, "अरे, हाऊ पुना पाणाड्याना आंडोर शे ना! याना हातमां नारय द्या." आणि पाणाड्याचा मुलगा म्हणून पूजेचा नारळ माझ्या हातात आला.

नाही म्हणालो. दोनदा म्हणालो. मग चपला काढल्या.

जमीन तापली होती, तळवे भाजत होते. तळव्यावर नारळ आडवा ठेवून मी लिंबांकडे पाठ केली आणि चालू लागलो. सगळे मागून. पार टोकाला, मुरमाड कोपऱ्यात, जिथे एक बोरीचं काटेरी झुडूप सोडून काही उगवत नाही, तिथे थांबलो. नारळ उभा राहिला.

अंगठा माझा होता. कसा सरकवायचा हे मला कोणी शिकवलं नव्हतं, पण पहिल्या खेपेलाच जमलं. लोक "पानी शे, पानी शे" म्हणून ओरडले. दोघे माझ्या पाया पडले. ज्या माणसाने पाच मिनिटांपूर्वी यंत्र उघडून दाखवलं, त्याच्याच. गाडी वळली. मला स्वतःचा हात मनगटापासून तोडून टाकावासा वाटला.

माठाजवळ पाणी पीत होतो तेव्हा अक्का आली. हळूच म्हणाली, "आबाबी कौतिकना वावरमां असाच चालना व्हता. पाठ करीसन."

मी म्हटलं, म्हणजे?

"कौतिकले जठे विहीर खंदनी व्हती, तठे त्याना सालदारनी झोपडी व्हती. चार धाकला पोरे. आबा त्या झोपडीकडे गयाच नही."

मी विचारलं, तुला हे त्यांनी सांगितलं होतं?

"सांगाले कसाले पाहिजे? मी संगे व्हतू. तू घर रुशी बठेल व्हता." तिने पदरातली लिंबं माठाच्या तिवईवर ठेवली आणि गाडीवाल्यांना चहा करायला गेली.

खरं असेल, किंवा बापाची बाजू म्हणून ती बोलली असेल. एसटीत पूर्ण वेळ हाच विचार. आबांनी तसं केलं असेल, तर बाकीच्या शंभर वावरांचं काय? तिथे कोणाची झोपडी होती?

११ मे, रविवार

सोनगीरची बोअर तीनशे चाळीस फूट. कोरडी. लिंबांखाली पाणी लागलं असतं का? मला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही, आणि आता कळायचंही नाही. दाजींचा सगळा उन्हाळा मी त्या कोपऱ्यात गाडला, हे मात्र नक्की.

फोनवर काय बोलावं हे मी दोन दिवस जुळवत होतो. त्याआधी आज बाराच्या सुमाराला दाजीच दारात. हातात गोणपाट. बाहेर शेजारचे भाजीच्या गाडीपाशी उभे होते. दाजींनी गोणपाट माझ्या डोक्यावर उपडं केलं. बोअरमधून निघालेला दगडाचा भुगा, करडा, पिठासारखा. नाकातोंडात गेला, शर्टात गेला, लोखंड पकडायच्या, पोर्चमधल्या माझ्या व्हाइसवर थर बसला.

"हाई तुनं पानी," म्हणाले. "पी."

मग दुसरी पिशवी ज्योत्स्नाच्या हातात नीट दिली. "अक्कानी धाडेल शे." त्यात लिंबं होती. आत या, जेवून जा, असं ज्योत्स्नाने म्हटलं, पण ते थांबले नाहीत.

शेजाऱ्यांच्या देखत मी फाटक लावून घेतलं.

ज्योत्स्ना दारात उभी राहून रडत विचारत होती, हे कोणासाठी, कशासाठी. मी शर्ट झटकला. मोरीत जाऊन हातपाय धुतले, तोंड धुतलं, दाताखालची कचकच थुंकून टाकली. मग पाटावर बसलो. तिने कच्चं लिंबू कापून ताटात ठेवलं होतं, इतकं आंबट की डोळ्यांत पाणी आलं.

दोन भाकरी खाल्ल्या.